पाण्यांतील औषधांश आणि त्याचा परिहार

पाणी वस्त्रानें गाळून प्यावें, हा स्मृतिकारांचा दंडक आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला. पुढें तें उकळण्याचीही चाल पडली. वस्त्रानें गाळ अडतो, उकळीनें जंतु मरतात. परंतु सिप्रोफ्लॉक्सासिनसारखें प्रतिजैविक पाण्यांत विरघळलें असेल तर तें वस्त्रानेंही अडत नाहीं व उकळीनेंही नाश पावत नाहीं.

हें भय काल्पनिक नव्हे. हैदराबादजवळ पटनचेरु येथें सुमारें ९० औषधी कारखान्यांचें सांडपाणी शुद्ध करणारें केंद्र होतें. त्यांतून बाहेर पडणाऱ्या पाण्यांत दर लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन असल्याचें स्वीडिश संशोधकांनीं २००७ सालीं प्रसिद्ध केलें. औषध घेणाऱ्या रोग्याच्या रक्तांतही तें इतकें नसतें! अशा पाण्यांत दुर्बळ जंतु मरतात, औषधास न जुमानणारे उरतात व त्यांचाच वंश वाढतो. हा गुण ते अन्य जातींच्या जंतूंसही देऊं शकतात. मग घरचें मूल तापानें फणफणलें असतां हातचें औषध व्यर्थ ठरण्याची पाळी येते.

यावर दोन उपाय मुख्य आहेत. पहिला सूक्ष्म पडद्याचा. मोठ्या दाबानें पाणी पडद्यापलीकडे जातें आणि औषधाचे रेणु बहुतांशीं अलीकडे राहतात. मात्र हें केवळ पृथक्करण होय. औषध नष्ट न होतां उरलेल्या पाण्यांत अधिक दाट होतें. दुसरा उपाय ऑक्सिडीकरणाचा. पाण्यांत सोडलेला ओझोन वायु औषधाच्या रेणूचे बंध तोडतो. स्वित्झर्लंडमध्यें ड्यूबेनडॉर्फ येथें २०१४ सालीं नगराच्या सांडपाण्यासाठीं ही योजना सुरू झाली. परंतु तुटलेले अंश निरुपद्रवी असतीलच असें नाहीं. म्हणून ओझोनामागून तें पाणी वाळूंतून गाळतात. त्या वाळूंतील जंतु यांपैकीं कांहीं अंश पचवितात.

तेव्हां एकाचें उणें दुसऱ्यानें भरून काढावें, हेंच युक्त. पडद्यानें औषध थोड्या पाण्यांत गोळा करावें आणि ओझोनाचा खर्च त्या थोड्या पाण्यावरच करावा. तेंही कारखान्याच्या दाराशीं, नदींत मिसळण्यापूर्वीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२४ सालीं प्रतिजैविकांच्या कारखान्यांतील सांडपाण्याविषयीं स्वतंत्र मार्गदर्शिका प्रसिद्ध केली, यावरून प्रश्नाचें गांभीर्य ध्यानीं येईल.

कारखान्यांवर देखरेख ठेवणें हें सरकारचें काम. पण घरचें कर्तव्यही आहेच. घेतलेल्या औषधाचा बराचसा अंश पुष्कळदां जसाच्या तसा शरीराबाहेर पडतो व मोरीवाटे नदीकडे जातो. यास्तव डॉक्टरांच्या सल्ल्यावांचून प्रतिजैविक घेऊं नये आणि उरलेल्या गोळ्या मोरींत टाकूं नयेत. घरांतील वडील माणसांनीं एवढा नेम घालून दिला, तरी मुलांच्या उपयोगी पडणारीं औषधें अधिक काळ गुणकारी राहतील.