यूव्ही ट्यूबला चोक कोणता लावायचा?

घरी पीसीबी एक्सपोज करायला मी ८ वॅटच्या यूव्ही-ए ट्यूबचा बॉक्स बनवलाय. मित्रांचा ठरलेला प्रश्न: यूव्हीला वेगळा चोक लागतो का? नाही! चोकला प्रकाशाचा रंग कळत नाही, करंट कळतो. ट्यूब पेटली की तिचा रेझिस्टन्स घटतो, करंट वाढत सुटतो. त्याला आवर घालतो तो चोक.

८ वॅटच्या ट्यूबला साधारण ०.१५ अँपिअर पुरतो. ४० वॅटच्या पट्टीतला चोक सुमारे ०.४३ सोडतो, म्हणजे जवळपास तिप्पट; फिलामेंट लवकर उडतं. म्हणून चोकवर ट्यूबचे वॅट, २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ बघूनच घ्या.

आणि ट्यूबची काच आरपार दिसत असेल तर थांबा. ती जंतुनाशक यूव्ही-सी असते, त्याच चोकवर पेटते आणि डोळे, त्वचा भाजते.