शिकवा, पण वरची पायरीही दाखवा

यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यातल्या आयटीआय झालेल्या मुलाला मोठी कंपनी म्हटलं की चाकण किंवा हिंजवडी आठवते. ऐंशी हजारांहून अधिक माणसांना पगार देणारी एक मोठी संस्था मात्र रोज त्याच्या गावावरून जाते. 1 जून 1948 रोजी पुणे-नगर मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली, तेव्हापासून एसटी हा ग्रामीण महाराष्ट्रातला एक मोठा नोकरीदाता आहे. महागावला जवळची आगारं उमरखेड आणि पुसदची. कर्मचाऱ्यांना शिकवणं आणि पुढे नेणं म्हणजे नेमकं काय, हे या आगारांच्या वर्कशॉपमध्ये शहरातल्या कोणत्याही चकचकीत कार्यालयापेक्षा स्पष्ट दिसतं. माझं म्हणणं एवढंच आहे की प्रशिक्षण आणि बढती यांची सांगड घातली नाही, तर दोन्ही वाया जातात. शिकलेल्याला वर जायला पायरी हवी, आणि त्या पायरीवर जाणाऱ्याला आधी शिकवलेलं हवं.

पायऱ्या एसटीत आहेत, हे आधी मान्य करायला हवं. वर्कशॉपमध्ये सहायक म्हणून लागलेला माणूस कारागीर 'क', मग 'ब', मग 'अ' आणि पुढे प्रमुख कारागीर होऊ शकतो. वाहक परीक्षा देऊन वाहतूक नियंत्रक होतो, अनुभवी चालक चालक-प्रशिक्षक होतो. पुण्याजवळ भोसरीला एसटी महामंडळाची मध्यवर्ती प्रशिक्षण संस्थाही आहे. अडचण आहे ती ज्ञानाच्या वेगाची. 1 एप्रिल 2020 पासून नव्या गाड्यांना बीएस-6 इंजिन सक्तीचं झालं. या इंजिनात धुरातले घातक वायू कमी करण्यासाठी युरियाचं द्रावण फवारलं जातं. ते संपलं किंवा एखादा सेन्सर बिघडला, तर इंजिन स्वतःच आपली ताकद कमी करतं आणि भरलेली गाडी चढावर धापा टाकू लागते. वीस वर्षं नुसता आवाज ऐकून बिघाड ओळखणाऱ्या मिस्त्रीला इथे स्कॅनर लावून कोड वाचावा लागतो. त्याचा कान निकामी झालेला नाही. ब्रेक लायनर, क्लच, एअर प्रेशर यांबाबतीत तो आजही कोणत्याही यंत्रापेक्षा भरवशाचा आहे. पण कोड वाचायला त्याला कुणी शिकवलं नाही, तर उद्या आलेला पोरगा त्याचा साहेब होतो आणि अनुभव कोपऱ्यात पडतो. दोघांची जोडी लावून एकमेकांना शिकवायची सोय हवी, आणि ती कामाच्या पाळीतच हवी. ड्युटी संपवून थकलेल्या माणसाला सुट्टीच्या दिवशी वर्गात बसवणं हे शिक्षण नाही, ती शिक्षा आहे.

शिकवण्याची जबाबदारी संस्थेने स्वतःवर घेतली की काय घडतं, याचा दाखला याच जिल्ह्यात आहे. ऑगस्ट 2019 मध्ये यवतमाळला आदिवासी तरुणींना एसटीच्या चालक म्हणून तयार करण्याचा उपक्रम सुरू झाला. त्याच्या उद्घाटनाला माजी राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील आल्या होत्या. जड वाहन चालवण्याचा अनुभव ही अट कायम ठेवली असती, तर पांढरकवड्याकडच्या किंवा उमरखेडकडच्या पाड्यावरची मुलगी चालकाच्या आसनापर्यंत पोचलीच नसती. तिच्या हाती ट्रक कोण देणार होतं? अनुभव मागण्याऐवजी तो द्यायचं ठरलं, म्हणून दार उघडलं. पुढे टाळेबंदी आली, नंतर 2021-22 चा प्रदीर्घ संप आला आणि सगळंच रखडलं. तरी 2023 मध्ये एसटीच्या चालकाच्या आसनावर महिला दिसू लागल्या.

यावर पहिला आक्षेप पैशाचा असतो. तोट्यातल्या महामंडळाला शिकवणं परवडेल का? एसटीत प्रत्येक चालकाचा केपीटीएल, म्हणजे दहा लिटर डिझेलमध्ये किती किलोमीटर, याचा हिशेब ठेवतात. दिवसाला 300 किलोमीटर धावणारी गाडी दहा लिटरमध्ये 45 ऐवजी 47 किलोमीटर गेली, तर वर्षाला सुमारे हजार लिटर डिझेल वाचतं. हा फरक गिअर कधी बदलावा, गाडी उभी असताना इंजिन कधी बंद करावं, अशा शिकवता येणाऱ्या गोष्टींतून पडतो. प्रशिक्षणाच्या खर्चाचा ताळेबंद मांडताना ही बाजू हमखास गाळली जाते, आणि मला ते अन्यायाचं वाटतं.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे: शिकवलं की माणूस निघून जातो. काही जण जातातच. पण जाण्याचं कारण नीट तपासावं. उद्योजक होण्याआधी लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. त्यांची हक्काची बढती डावलून ती युरेशियन सहकाऱ्याला दिली गेली, तेव्हा त्यांनी ती नोकरी सोडून बेळगाव गाठलं. 1910 मध्ये त्यांनी औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवली. संस्थेने गमावलेला माणूस किती मोठा होता हे पुढे जगाने पाहिलं. त्यांचं ज्ञान त्यांना बाहेर घेऊन गेलं नव्हतं, बंद दाराने त्यांना बाहेर काढलं होतं. वर्षानुवर्षं भरती न करता आणि बढत्या अडवून ठेवून 'माणसं टिकत नाहीत' म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवावं.

'कुणाला शिकायचंच नसतं' ही तक्रारही ऐकू येते. महागावहून भोसरी पाचशे किलोमीटरच्या पुढे आहे. घरी लहान मूल असलेल्या महिला वाहकाने तिथे आठवडाभर राहायचं कसं? तिला इच्छा नाही असं ठरवण्याआधी तोच वर्ग पुसदला किंवा यवतमाळला भरवून पाहावा.

खरी कसोटी आता इलेक्ट्रिक गाड्यांची आहे. 1 जून 2022 रोजी पुणे-नगर मार्गावर 'शिवाई' ही इलेक्ट्रिक बस धावली आणि त्यानंतर 5150 इलेक्ट्रिक बसचा भाडेकरार झाला. अशा करारांत गाडी कंत्राटदाराची, चालक त्याचा, देखभालही त्याची. एसटीचा असतो तो वाहक. म्हणजे बॅटरी, मोटर, चार्जिंग ही नवी विद्या एसटीच्या कारागिराच्या हाताखालून न जाता थेट बाहेरच्यांकडे जाते. कराराची मुदत संपेल त्या दिवशी महामंडळाकडे ती गाडी उघडू शकणारा माणूस नसेल, आणि मग पुढच्या करारात दर ठरवायची ताकदही उरणार नाही. म्हणून प्रत्येक कराराच्या मसुद्यात एक कलम घालायला हवं: ठरावीक संख्येने एसटीचे कारागीर कंत्राटदाराच्या डेपोत, पगारी वेळेत शिकतील, आणि ते शिक्षण त्यांच्या 'ब' किंवा 'अ' श्रेणीच्या बढतीसाठी धरलं जाईल. त्याला फार पैसा लागत नाही. करार होण्याआधी ते मागावं लागतं.