ताम्हिणीची वाट आणि गाडीचे टायर

पौडमार्गे ताम्हिणी घाट उतरून निजामपूर, माणगाव, पुढे म्हसळा-श्रीवर्धनपर्यंत माल पोचवणारे आपले पुष्कळ व्यापारी बांधव आहेत. आम्हीही त्यांतलेच. कापडाचे ताके घेऊन आमची बोलेरो बारा महिने या वाटेवर असते. हल्ली नवे गाडीवाले आम्हाला हटकून विचारतात, "चाचा, एटी टायर टाकू का?"

एटी म्हणजे ऑल टेरेन, डांबरी आणि कच्च्या अशा दोन्ही वाटांचा टायर. त्याच्या नक्षीचे ठोकळे मोठे व चरा रुंद असतात, त्यामुळे चिखल अडकून न बसता बाहेर फेकला जातो. एचटी हा मुख्यतः डांबरी रस्त्याचा. एमटी निव्वळ चिखलाचा, तो व्यापाऱ्याच्या कामाचा नाही.

मुळशी तालुक्यात मात्र हा प्रश्न सोपा नाही. मे महिन्यात भूगाव-पिरंगुटचे डांबर तापून निघते. आणि पाऊस? २५ जुलै २०२४ च्या सकाळपर्यंतच्या २४ तासांत ताम्हिणीत ५५६ मिलिमीटर पडला! शिवाय मुख्य रस्ता सोडून भातखाचरांच्या कडेने वाडीवर जायचे म्हटले की तांबड्या मातीचा राडा. तेथे एटीचा उपयोग आहे, हे आम्ही नाकारत नाही.

पण ओल्या डांबरावर एटी जास्त पकडतो, हा समज चुकीचा आहे. ओल्यात पकड येते ती रबराच्या नरमाईने आणि नक्षीतल्या बारीक चिरांनी. मोठ्या ठोकळ्यांचा टायर ओल्या डांबरावर ब्रेक मारल्यावर एचटीपेक्षा सहसा थोडा पुढे जाऊनच थांबतो. वजनाने जड म्हणून डिझेलही जास्त खातो, आणि घूं-घूं आवाज वेगळाच.

आमचा तजुर्बा सांगतो. २०२२ च्या ऑगस्टमध्ये, गणपतीच्या मालाच्या गर्दीत, एका दुकानदाराने चार एटी टायर बरेच स्वस्त दिले. नक्षी खोल, कोरा माल. आठवड्यातच घाटाच्या उतारावर वळणात ब्रेक लावला आणि गाडीची मागची बाजू फिरली. कठड्यापासून हातभर अंतरावर थांबलो. शेजारी धाकटा मुलगा बसला होता. त्याचा चेहरा अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

माणगावात एका टायरवाल्याने कडेवरचे चार आकडे वाचून दाखवले : १२१७. म्हणजे २०१७ सालच्या बाराव्या आठवड्यात बनलेला माल! पाच वर्षे कुठल्या पत्र्याखाली तापत पडला होता कोण जाणे. रबर वयाने कडक होतो, न वापरतादेखील. किनारीवरचे गिरणीचे नाव वाचल्याशिवाय आम्ही ताका घेत नाही, आणि टायरची किनार वाचलीच नाही! खरे तर टायरच्या पोटातही कापडच असते. रेडियल टायरमध्ये पॉलिस्टरच्या दोऱ्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत आडव्या जातात, वर पोलादी तारांचा पट्टा. आम्हाला तर हे आधी कळायला हवे होते.

तेव्हा घेताना आधी हे चार आकडे पाहावेत. मग माप. आमच्या गाडीचे २१५/७५ आर १५ : रुंदी २१५ मिलिमीटर, कडेची उंची रुंदीच्या ७५ टक्के, रिम १५ इंची. त्यापुढचा आकडा वजनाचा. १०० असेल तर एका टायरवर ८०० किलो. आपण गाडीत माल भरतो, म्हणून कंपनीने दिलेल्या आकड्याहून हलका टायर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत चालते असे कायदा म्हणतो. ताम्हिणीसाठी आम्ही ते मानत नाही. मेअखेर तीन मिलिमीटरखाली असली तर बदलतो. चारही टायर एका जातीचे हवेत. स्टेपनीचेही वय पाहावे, ती कोणी पाहत नाही. हवा सकाळी, गाडी थंड असताना भरावी.

ज्याचा रोजचा धंदाच वाड्या-वस्त्यांवर आहे, त्याने एटी जरूर घ्यावा, पण ताजा. आमचा दहातला नऊ हिस्से रस्ता डांबरी, म्हणून आम्ही एचटी टाकले. दिसायला साधे म्हणून मुलगा नाराज आहे. पावसाळ्यात कोळवणकडच्या आतल्या वाड्यांचा माल आम्ही फाट्यावरच उतरवतो. तेथून गिऱ्हाईक आपल्या ट्रॅक्टरने नेते, आणि त्यापोटी दर गाठोड्यामागे थोडी सूट आम्ही देतो.