टाक कुणाच्या हातात?

कर्जत सोडलं की गाडीला मागून बँकर इंजिनं लागतात आणि पळसदरीनंतर जांबरुंग, ठाकुरवाडी, नागनाथ, मंकी हिल अशी घाटातली नावं सुरू होतात. उतरणाऱ्या गाड्या ठाकुरवाडीच्या केबिनपाशी ब्रेकच्या खात्रीसाठी थांबतात. चढणारी डाक मात्र पुण्याकडे निघून जाते. 1863 साली बोरघाट रेल्वेला खुला झाला आणि मुंबई-ठाण्याचा छापील उपहास पुण्याला झटपट पोचू लागला. घाटाच्या कडेच्या ठाकर-कातकऱ्यांसाठी त्यात काही नव्हतं. हा लिहितावाचता येणाऱ्यांचा आपसातला खेळ होता.

लंडनचं 'पंच' हे व्यंगपत्र 1841 चं. त्याची नक्कल मुंबईत पारशांनी केली. 'पारसी पंच'चं पुढे 'हिंदी पंच' झालं आणि बरजोरजी नवरोजींच्या काळात काँग्रेसच्या अधिवेशनांवरची त्याची व्यंगचित्रं एवढी गाजली, की त्यांचं वेगळं पुस्तक निघालं. चित्रांना खाद्य कमी नव्हतंच. 1895 च्या पुणे अधिवेशनात सामाजिक परिषद काँग्रेसच्या मांडवात भरवू देणार नाही, असा हट्ट टिळकपक्षीयांनी धरला आणि रानड्यांना ती दुसरीकडे भरवावी लागली. राजकीय सुधारणा हवी, पण घरातली नको!

ठाण्याच्या 'हिंदुपंच'चा रोख मवाळांवर. टिळकांना 1908 मध्ये शिक्षा झाल्यावर त्याने गोखल्यांवर चिखलफेक केली. गोखल्यांनी बदनामीचा दावा लावला आणि पत्र बुडालं.

पुण्यात थट्टेला चित्राचीही गरज पडत नसे. ऑक्टोबर 1890 मध्ये पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये रानडे, टिळक वगैरे मंडळी चहाला गेली. डॉक्टर आनंदीबाईंचे पती गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव'मध्ये छापून आणली. माणूस मुळात खोडसाळ. पण त्याच्या यादीने शंकराचार्यांपर्यंत प्रकरण पोचवलं. 1892 च्या उन्हाळ्यात रानडे लोणावळ्याला होते. तिथून पुण्यात जाऊन त्यांनी प्रायश्चित्त घेतलं. रानड्यांच्या पत्नी रमाबाईंनी आठवणींत ही हकीकत लिहिली आहे आणि त्यांची स्वतःची कुचंबणा ओळीओळीत जाणवते. आगरकरांचं तर कर्मठांनी जिवंतपणीच प्रेत काढलं. हे सगळं हसण्याचंच, पण वरून खाली हसणं.

टाक उलट्या हातात गेला तो पुढच्या पिढीत. पनवेलला 1885 मध्ये जन्मलेले केशव सीताराम ठाकरे 1921 पासून 'प्रबोधन' चालवत होते. भटभिक्षुकी आणि देवळांच्या धंद्यावर त्यांनी कोरडे ओढलेच, पण हुंडा घेणाऱ्यांच्या लग्नापुढे गाढवाची वरातही काढली. मला ते चालतंबोलतं व्यंगचित्र वाटतं, कदाचित त्यांच्या लेखांहून बोचरं. त्यांच्या मुलाने पुढे कुंचला हाती धरला, ती गोष्ट वेगळी आणि सर्वांना ठाऊक.

खऱ्या अर्थाने चित्रातून धर्माची झाडाझडती घेतली ती शंकरराव किर्लोस्करांनी. 1920 साली कारखान्याची 'खबर' म्हणून निघालेलं मासिक त्यांनी सुधारणेचं हत्यार केलं. 'टाकांच्या फेकी' या त्यांच्या चित्रांत बुवाबाजी, सोवळं, रूढी यांची रेवडी उडते. संपादक, चित्रकार आणि मालकाचा पुतण्या एकच, म्हणून छापायला भीती नव्हती, हे मात्र विसरता कामा नये.

आंबेडकरांना अशी सोय नव्हती. 1927 साली पनवेलच्याच कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यात, महाडला, चवदार तळ्याचा सत्याग्रह आणि मनुस्मृतीदहन झालं. पुढच्या वर्षांत इंग्रजी वृत्तपत्रांनी त्यांना कसं रंगवलं, ते उन्नमती श्यामसुंदर यांनी 2019 मध्ये 1932 ते 1948 ची चित्रं एकत्र छापून दाखवलं आहे. ती पाहताना हसू येत नाही, आणि त्या काळी ज्यांना आलं त्यांच्याबद्दल प्रश्न पडतात.

व्यंगचित्रकार शंकरचं 1949 चं चित्र त्यांतलं नाही, पण त्याच वळणाचं: राज्यघटनेच्या गोगलगायीवर आंबेडकर, मागे चाबूक घेतलेले नेहरू. 2012 साली अकरावीच्या पाठ्यपुस्तकातील या चित्रावरून संसद तापली. पुस्तकाचे सल्लागार सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले आणि पळशीकरांच्या पुणे विद्यापीठातील कार्यालयाची मोडतोड झाली. मोडतोडीचं समर्थन होऊच शकत नाही. पण चिडलेल्यांना 'तुम्हाला विनोद कळत नाही' म्हणणाऱ्यांनी, शतकभर हा विनोद कोणी कोणावर केला, हे एकदा मोजायला हवं होतं.