पडलेले झाड आणि कटर मशीन

उन्हाळ्याच्या अखेरीस वळवाचा पाऊस वादळ घेऊन आला की आपल्या भागात लिंब, बाभळी आणि सुबाभळी आडव्या होतात. पूर्वी कुऱ्हाड-करवत घेऊन चारपाच माणसे दिवसभर खपत. आता पेट्रोलवरचे कटर मशीन, म्हणजेच चेनसॉ, तेच काम तासाभरात करते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने रायगडच्या किनाऱ्यावरील नारळी-पोफळीच्या बागा झोपवल्या, तेव्हा अशा यंत्रांची किंमत कळली. गंमत अशी, की साखळीच्या करवतीची कल्पना मूळची डॉक्टरांची. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडमध्ये अडलेल्या बाळंतिणीचे हाड कापण्यासाठी हाताने ओढायची छोटी साखळी वापरत!

आजच्या यंत्राची साखळी सेकंदाला वीसएक मीटर धावते. पात्याच्या टोकाची वरची बाजू कशालाही टेकली की यंत्र उलटे उसळते आणि थेट चालवणाऱ्याच्या तोंडावर वा मानेवर येते. सावरायला वेळच मिळत नाही. म्हणून टोकाने कापू नये, यंत्र खांद्याच्या वर नेऊ नये, शिडीवर चढून तर मुळीच चालवू नये. धोतर, लुंगी, खांद्यावरचा टॉवेल साखळीत ओढला जातो. चपला घालून हे काम करणारे पाहिले की मला धडकी भरते. जाड बूट, चष्मा, हेल्मेट आणि कानात बोळे हवेतच.

पडलेले झाड निपचित दिसले तरी आतून धनुष्यासारखे ताणलेले असते. ताणलेल्या बाजूने एकदम कापले तर लाकूड फाटून उसळते, दबलेल्या बाजूने खोल कापले तर पाते अडकते. मुळासकट उपटलेल्या झाडाचे खोड तोडले की बुंधा मातीच्या गड्ड्यासह पुन्हा खड्ड्यात बसू शकतो. त्या खड्ड्यात मुले खेळत असतात, हे ध्यानात असू द्यावे. फांद्यांत विजेची तार गुंतली असेल तर लाइनमनने पुरवठा बंद केल्याची खात्री दिल्याशिवाय झाडाला हात लावू नये. गावात अंधार आहे म्हणजे तारेत वीज नाही, असे नव्हे.

जखम झालीच तर हळद, चुना, रॉकेल काही लावू नका. स्वच्छ कापड जखमेवर घट्ट दाबून धरा. ते भिजले तर काढू नका, वरून दुसरे ठेवा. हातापायाचे रक्त दाबूनही थांबत नसेल तर जखमेच्या वर रुंद पट्टा आवळून बांधा आणि वेळ लिहून ठेवा. सुतळी किंवा तार वापरू नये. बोट तुटले तर ते ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावे, ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. बोट थेट बर्फात ठेवले तर ते जोडण्याच्या कामाचे राहात नाही. १०८ ला फोन करावा. किल्लारीहून लातूर चाळीसेक किलोमीटर आहे, तेव्हा रक्त थांबवण्याचे काम जागेवरच झाले पाहिजे. धनुर्वाताचे इंजेक्शन विसरू नये.

खोडाखाली पाय किंवा मांडी दबून राहिली असेल तर आणखी एक धोका असतो. चिरडलेल्या स्नायूंतील विषारी द्रव्ये सुटकेनंतर रक्तात उतरतात आणि हृदय व मूत्रपिंड बंद पाडू शकतात. १९४१ साली लंडनमध्ये बॉम्बहल्ल्यातील ढिगाऱ्यांखालून काढलेल्या रुग्णांत डॉ. बायवॉटर्स यांनी हा विकार सविस्तर नोंदवला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे दगडमातीच्या भिंतींखाली माणसे तासन्‌तास अडकलेली आपल्या गावाने पाहिली आहेत. अशा माणसाला सुरक्षितपणे जितक्या लवकर काढता येईल तितके काढावे, पण तो बोलतो-चालतो म्हणून घरी नेऊ नये. लघवी कमी किंवा चहाच्या रंगाची झाली तर प्रकरण गंभीर समजावे. दवाखान्यात पोहोचताच तो किती वेळ दबलेला होता, हे डॉक्टरांना आधी सांगावे.