आधी वाटी, मग सुई

आमच्या गोट्या बोक्याला मधुमेह आहे. सकाळी सात, संध्याकाळी सात: आधी वाटीत खाणं, मग बरगडीजवळची सैल कातडी चिमटीत धरून इन्सुलिन. मांजर पक्कं मांसाहारी. कोरड्या दाण्यांतल्या पिठाने साखर चढते, म्हणून त्याला ओलं, प्रथिनांचं खाणं. मात्र खाणं बदललं की डोसही बदलू शकतो, तेव्हा डॉक्टरांना विचारूनच.

सिरिंज नीट बघून घ्या. लाल टोपणाची ४० युनिटची, केशरी १०० ची. १०० चं औषध ४० च्या सिरिंजने भरलंत तर डोस अडीचपट!

वाटी तशीच राहिली तर नेहमीचा डोस न टोचता डॉक्टरांना फोन. साखर फार उतरून चालताना लटपटला तर हिरड्यांना मध चोळून थेट दवाखाना गाठायचा. उपचार लवकर सुरू झाले तर काही मांजरांचं इन्सुलिन सुटतंही.