अडीच लाखांवर माप संपतं

धान्य मोजताना पायली काठोकाठ भरली की वर शीग चढते, आणि शीग ओघळू लागली की मापारी पायली रिकामी करून पुन्हा भरायला घेतो. अमेरिकेच्या जनगणना विभागाला ही सोय नाही. गावोगावच्या कुटुंबांचं मध्यक उत्पन्न तो दरवर्षी जाहीर करतो, पण फक्त २,५०,००० डॉलरपर्यंत. त्यापुढे गेलेल्या प्रत्येक गावासमोर एकच नोंद असते : ‘२,५०,०००+’. न्यूयॉर्कजवळचं स्कार्सडेल, कॅलिफोर्नियातली ॲथर्टन आणि लॉस आल्टोस हिल्स ही उपनगरं याच रकान्यात शेजारी शेजारी बसतात. त्यांच्यात जास्त श्रीमंत कोण, हे तिथे कळायला मार्ग नाही.

मध्यक म्हणजे गावातली सगळी कुटुंबं उत्पन्नाच्या क्रमाने रांगेत उभी केली, तर बरोबर मधल्या कुटुंबाचा आकडा. म्हणजे या गावांतल्या निम्म्याहून अधिक घरांत वर्षाला अडीच लाख डॉलरपेक्षा जास्त पैसा येतो. डॉलरला ८५ रुपये धरले तर दोन कोटी बारा लाखांहून जास्त. २०१८ ते २०२२ या पाच वर्षांच्या पाहणीत अख्ख्या अमेरिकेचा मध्यक साधारण ७५ हजार डॉलर होता. देशातल्या मधल्या कुटुंबाला जे कमवायला तीन वर्षांहून अधिक काळ लागतो, ते इथल्या मधल्या कुटुंबाकडे एका वर्षात येतं. ते नेमकं किती, हे मात्र माप संपल्यामुळे सांगता येत नाही.

मग माणसं सरासरीकडे वळतात, कारण सरासरीला झाकण नसतं. ब्लूमबर्ग वृत्तसंस्थेने २०२० मध्ये जनगणना विभागाच्याच आकड्यांवरून केलेल्या श्रीमंत गावांच्या यादीत ॲथर्टन पहिलं आलं. कुटुंबाचं सरासरी उत्पन्न सव्वापाच लाख डॉलर. दुसरं स्कार्सडेल, साडेचार लाखांच्या घरात. एकाच रकान्यात कोंबलेल्या दोन गावांत असं पाऊण लाख डॉलरचं अंतर निघालं. देशाच्या मधल्या कुटुंबाची वर्षाची कमाई साधारण या अंतराएवढीच असते.

पण सरासरीची खोड वेगळी. मायामीच्या खाडीत इंडियन क्रीक नावाचं बेटगाव आहे. स्वतःची नगरपालिका, स्वतःचे पोलीस, आणि २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या ८४. ॲमेझॉनच्या जेफ बेझोस यांनी २०२३ मध्ये इथे लागोपाठ घरं घेतली आणि सिएटल सोडून मायामीला जात असल्याचं जाहीर केलं. त्यांची संपत्ती २०० अब्ज डॉलर धरू आणि बाकी ८४ जणांच्या खिशात दमडी नाही असं मानू. तरी ८५ जणांच्या गावाची माणशी सरासरी संपत्ती भरते २३५ कोटी डॉलर, म्हणजे वीस हजार कोटी रुपये. एका माणसाच्या मुक्कामाने पाळण्यातलं मूलसुद्धा कागदावर अब्जाधीश होतं. मध्यकाला याचा पत्ताही लागत नाही. तो ८४ जणांत जिथे होता तिथेच राहतो.

आतापर्यंत उत्पन्न आणि संपत्ती हे शब्द आपण आलटून पालटून वापरले, आणि घोटाळा नेमका तिथेच आहे. उत्पन्न म्हणजे नळ, संपत्ती म्हणजे टाकी. जनगणना विभाग नळाचं पाणी मोजतो, तेही सगळं नाही. पगार, व्याज, लाभांश, भाडं, पेन्शन धरतो. शेअर किंवा घर विकून झालेला भांडवली नफा धरत नाही. स्कार्सडेलचा रहिवासी सकाळी गाडी पकडून पाऊण तासाच्या आत मॅनहॅटनला पोचतो आणि बँकेतून किंवा वकिलीतून पगार-बोनस कमावतो. त्याचा बहुतेक पैसा मोजला जातो. ॲथर्टनचा उद्योजक कंपनीचे दहा कोटी डॉलरचे शेअर विकतो, तेव्हा त्यावरचा नफा या हिशेबात शून्य. म्हणजे सव्वापाच लाखांच्या त्या सरासरीत शेअरविक्रीचा एक डॉलरही नाही. शेजारच्या पालो आल्टोत राहणारे स्टीव्ह जॉब्स ॲपलकडून वर्षाला १ डॉलर पगार घेत. फेसबुकचे मार्क झुकरबर्ग यांचा मूळ पगारही २०१३ पासून १ डॉलरच आहे. पगार हीच पट्टी धरली, तर हे दोघे त्या भागातले सर्वांत गरीब नोकरदार ठरतात.

टाकी किती मोठी, हे घराच्या किमतीवरून थोडंफार कळतं. २०२१ मध्ये ॲथर्टनमध्ये विकल्या गेलेल्या घरांची मध्यक किंमत ७४ लाख ७५ हजार डॉलर होती, त्या वर्षी देशात सर्वाधिक. आपल्या हिशेबात ६३ कोटी रुपयांच्या वर. पण घराची किंमत सांगते ती शेवटी आलेल्याची ऐपत. आधी आलेल्याची गोष्ट वेगळी. कॅलिफोर्नियाने १९७८ मध्ये जनमताने ‘प्रपोझिशन १३’ मंजूर केलं. घरपट्टीचा मूळ दर नोंदलेल्या किमतीच्या १ टक्का, आणि घर विकलं जाईपर्यंत ही नोंदलेली किंमत वर्षाला २ टक्क्यांहून अधिक वाढवायची नाही. एखाद्या आजींनी त्या वर्षी दोन लाख डॉलरला घर घेतलं असेल, तर २०२१ मध्ये सरकारदरबारी त्याची किंमत जेमतेम ४ लाख ६९ हजार, घरपट्टी ४,६९० डॉलर. त्यांच्या कुंपणापलीकडे तसंच घर त्या वर्षी ७४ लाख ७५ हजारांना घेणाऱ्याला ७४,७५० डॉलर. एकच रस्ता, तेवढीच जागा, आणि पट्टीत सोळापट फरक. आजी पेन्शनवर जगत असतील, तर उत्पन्नाच्या रांगेत त्या गावाच्या शेपटाला असतात आणि संपत्तीने ६३ कोटींच्या धनी.

आता ॲथर्टनहून पाच-सहा किलोमीटर पूर्वेला चला. मेन्लो पार्क ओलांडलं की ईस्ट पालो आल्टो लागतं. १९९२ मध्ये सुमारे २४ हजार वस्तीच्या या गावात ४२ खून झाले आणि ते देशाची ‘खुनांची राजधानी’ म्हणून गाजलं. २०२३ मध्ये तिथे एकही खून झाला नाही. २०१८ ते २०२२ च्या पाहणीत गावाचा मध्यक साधारण एक लाख डॉलर होता. या टापूतलं हे गरीब गाव, आणि तरी देशाच्या मध्यकापेक्षा सुमारे तेहतीस टक्के वर! ही दोन्ही गावं ज्या सॅन मटेओ काउंटीत येतात, तिथे २०१८ मध्ये वर्षाला १,१७,४०० डॉलर कमावणारं चौघांचं कुटुंब सरकारी घरयोजनांच्या नियमाने ‘अल्प उत्पन्न’ गटात मोडत होतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या या बे एरियात नोकरीला गेलेल्या मुलाचा पगार रुपयांत गुणून खूश होणाऱ्या आपल्याकडच्या आईवडिलांनी हा आकडाही गुणून पाहावा. एक कोटीच्या घरात उत्पन्न, आणि कुटुंब सवलतीच्या घराला पात्र.

निदान तिथे असा हिशेब मांडता तरी येतो. आपल्या जनगणनेत उत्पन्नाचा प्रश्नच नसतो, त्यामुळे विलेपार्ले आणि बाणेर यांची अशी तुलना मांडायला आपल्याकडे गप्पांखेरीज साधन नाही.

पाच-सहा किलोमीटरमध्ये एवढी दरी टिकते ती जमिनीच्या नियमामुळे. ॲथर्टनच्या बहुतेक भागात पिढ्यानपिढ्या घराचा प्लॉट किमान एक एकर असा दंडक आहे. एक एकर म्हणजे चाळीस गुंठे, ४३,५६० चौरस फूट. चारशे चौरस फुटांच्या मुंबईकर खोल्या जमिनीवर नुसत्या मांडत गेलं तरी शंभरावर बसतील. सुमारे १३ चौरस किलोमीटरच्या या गावात २०२० साली माणसं होती ७,१८८, म्हणजे चौरस किलोमीटरला साडेपाचशे. सह्याद्रीचे घाट आणि धरणांचे जलाशय धरूनही पुणे जिल्ह्याची घनता २०११ मध्ये ६०३ होती. देशातल्या सर्वांत महाग जमिनींपैकी एक, आणि तिच्यावर पुणे जिल्ह्याहून विरळ वस्ती. ईस्ट पालो आल्टोत याच हिशेबाने आठपट दाटी आहे. गरीब माणसाला ॲथर्टनमध्ये यायला कुणी मनाई करत नाही. फक्त चाळीस गुंठ्यांहून लहान तुकडा सहसा मिळत नाही.

राज्य सरकारने ॲथर्टनला २०२३ ते २०३१ या आठ वर्षांसाठी उद्दिष्ट दिलं : ३४८ नव्या घरांची सोय करा. ठाण्यातलं एखादं मध्यम गृहसंकुल असतं तेवढी. त्यावर गावात वादळ उठलं. अमेरिकेने आता बांधायला लागलं पाहिजे, असा गाजलेला निबंध २०२० मध्ये लिहिणारे गुंतवणूकदार मार्क अँड्रीसन यांनी २०२२ मध्ये गावात बहुकुटुंबी इमारती नकोत म्हणून नगरपालिकेला कळवलं. बास्केटबॉलपटू स्टीफन करी आणि त्यांच्या पत्नीने २०२३ मध्ये आपल्या घरामागच्या जागेवर टाउनहाउस येऊ नयेत म्हणून पत्र लिहिलं. आलेच, तर उंच कुंपण आणि झाडी तरी लावा, असं त्यात होतं.

ॲथर्टनला रेल्वे स्टेशनही होतं. २००५ पासून तिथे गाडी फक्त शनिवार-रविवारी थांबे. डिसेंबर २०२० मध्ये, गावाच्याच संमतीने, ते कायमचं बंद झालं. सॅन फ्रान्सिस्को ते सॅन होजे धावणारी कॅलट्रेन आजही गावाच्या मधून जाते, नोकरदारांनी भरलेली. थांबत नाही.